वर चव्वेचाळीस, खाली अठरा

राजारामपुरी, कोल्हापूर
४ फेब्रुवारी १९९७

तम्मा,

आशीर्वाद शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी भांडण.

एसटीडी बूथ माझ्या नावावर आणि मी तुला पत्र लिहितेय, हे बघून पोस्टमनसुद्धा हसला असेल. पण करू काय? शेजाऱ्यांकडून फोन लावला की तू माझा आवाज ऐकतोस आणि ठेवतोस. धाकट्या भावानं आक्काचा फोन ठेवायचा, ही कुठली रीत काढलीस? पत्र तसं ठेवता येत नाही. फाडलंस तरी पाकिटावरचं माझं अक्षर आधी दिसणारच.

बेंगळूरला कारखाना मोठा आहे, खोली बरी मिळाली आहे, सांबार-भात मानवतोय, हे सगळं अव्वाकडून कळलं; लेक आईलाच सगळं सांगणार. बरं झालं. पण तू घर सोडलंस त्याच्या आदल्या दिवशी काय झालं, ते तुला तुझ्या सोयीनं आठवत असणार. म्हणून मी माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

गणपतरावांनी त्यांच्या आईच्या नावानं अपंगांना तीनचाकी गाड्या वाटल्या, हातानं दांडी फिरवून चालवायच्या. गाड्या तुमच्या वर्कशॉपात झाल्या आणि बनवणारा तू. 'आक्का, आता कुणाची वाट बघायची न्हाई. सकाळी उठायचं आन् आपल्या हातानं बूथवर जायचं,' असं तू म्हणालास तेव्हा मी रडले होते, ते तू बघितलंस. पोलिओनं पाय नेले तेव्हापासून मला कोणीतरी उचलतंय, नाहीतर ढकलतंय. शाळेला अप्पा, बूथला तू. माझी मी गेले असं एक ठिकाण सांग मला.

मग तो कार्यक्रम. मांडव, हार, बँड, सगळं. फळ्या टाकून स्टेजला उतार केलेला. एकेकानं गाडी चालवत वर यायचं आणि फोटो काढून घ्यायचा. माझा नंबर पहिला, कारण मी गाडी बनवणाऱ्याची बहीण. दांडी फिरवली, पुढचं चाक फळीला लागलं आणि गाडी तिथंच गप्प. जीव खाऊन फिरवली. हलंना. सगळा मांडव बघतोय. शेवटी गणपतरावांच्या तालमीतला भूपाल पैलवान मागून आला आणि त्यानं एका हातानं मला गाडीसकट वर लोटलं. लोकांनी टाळ्या त्याला वाजवल्या. आणि गणपतरावांनी माझ्या तोंडासमोर माईक धरला. 'बोला ताई, कसं वाटतंय?'

म्हटलं, 'गाडी झ्याक हाय साहेब. तिच्याबरोबर ढकलायला एकेक पैलवान पण देत असला तर द्या.'

यात काय खोटं होतं? मांडव हसला, गणपतराव लाल झाले, आणि तू स्टेजच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा. घरी आल्यावर जे बोललास ते अजून माझ्या कानात आहे. 'तुझ्या हातात जोर न्हाई, त्याला मी काय करू? चारचौघांत माझं नाक कापलंस.' दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस.

आता इथली हालत ऐक. रेल्वेच्या पुलाखालून शाहूपुरीत बूथकडं जाणारा चढ माझ्यानं चढवत नाही. तू नाहीस, ढकलायला कोणी नाही. म्हणून मामाचा रामलिंग माझ्या बूथवर बसतोय. 'चार दिस बसतो आक्का' म्हणाला होता. आता त्यानं माझ्या खुर्चीवर स्वतःची उशी आणून ठेवली आहे. उशी, तम्मा! चार दिवसांचा पाहुणा कुठं उशी घेऊन येतो?

लायसन मिळालं ते माझ्या पायांमुळं. पाय गेले माझे आणि खुर्ची त्याला. मला माझी खुर्ची परत पाहिजे आणि तिथं माझ्या हातानं जायचं आहे. दुसरं काही मागत नाही. यात तुझं काय जातंय ते कळव.

आशीर्वादाला जागा उरली नाही.

रत्नव्वा


२ मार्च १९९७

तम्मा,

तुझं कार्ड आलं. दोन ओळी. 'हातांना सवय होईल. रोज व्यायाम कर.'

वा रे वा डिप्लोमावाला! एवढ्या दोन ओळींसाठी सरकारचं कार्ड कशाला वाया घालवलंस? अव्वानं ते कौतुकानं देवापुढं ठेवलं होतं. मी उचलून घेतलं. देवाला कशाला वाचायला लावायचं असलं?

तरी केला व्यायाम. तू म्हणालास म्हणून नाही, मला खुर्ची पाहिजे म्हणून. सकाळी वरवंटा उचलते, संध्याकाळी भरलेली कळशी. अव्वा म्हणाली, 'लग्नाला चाललीस का कुस्तीला?' म्हटलं, लग्नाचं तुम्ही कुणी बघितलं नाही, कुस्तीचं मी बघते.

गाडी सपाटीला जाते, खोटं कशाला बोलू? सुटताना जड जाते, पण एकदा सुटली की भन्नाट. जनता बझारच्या सपाटीला रिक्षावाले ओरडतात, 'आक्का, दमानं!' आणि जरासा चढ दिसला की हटून बसते. मग मी मेले तरी पुढं होत नाही.

आणि मग लोक. येणारा-जाणारा माझा दंड चेपून बघतोय, बाजारात बकरं बघतात तसा. कोण म्हणतंय खारीक खा, कोण म्हणतंय दूध पी. कोपऱ्यावरच्या शालूबाई परवा माझ्या तोंडावर म्हणाल्या, 'नाचता येईना अंगण वाकडं. गणपतरावांनी एवढी गाडी दिली, ती चालवायची तर तिला नावं ठेवतीयास.' अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? बाकीच्या गाड्यांचं मला माहीत नाही, माझी तर चढत नाही. मग दोष कुणाचा म्हणायचा? रात्रंदिवस मी माझ्या हातांकडंच बघत बसते. पायांवर कधी असा राग आला नव्हता. पायांनी निदान कधी आशा लावली नव्हती.

रामलिंगची बातमी. उशीवरून आता बोर्डावर गेला. 'रामलिंग टेलिकॉम' असा पिवळा बोर्ड लावला आहे. मी निरोप धाडला, हे काय? तर उत्तर आलं, 'आक्का, गिऱ्हाइकाला बाप्या माणसाचं नाव बरं वाटतंय. तुमी आता घरी आराम करा, रोजचं मी बघतो.' आयत्या बिळावर नागोबा! आराम म्हणे. मी जन्मभर बसूनच आहे रे, आणखी किती आराम करू?

अक्षर वाकडं आलं आहे ते पेनामुळं. रिफिल संपत आलीय. हाताला काही झालेलं नाही. अव्वा फोनवर काही सांगायला लागली तर ऐकू नको, तिला वाढवून सांगायची खोड आहे.

रत्नव्वा


२० एप्रिल १९९७

तम्मा,

पेन चांगलं होतं. मनगट सुजलं होतं.

आता बरं आहे म्हणून सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी मी कुणाला न सांगता पुलाखाली गेले होते. उताराचा सगळा वेग घेतला आणि त्या जोरावर समोरच्या चढाला भिडले. अर्ध्यापर्यंत गेले, आई शप्पथ. मग गाडी थांबली. एक क्षण तशीच राहिली आणि मागं सुटली. दांडी उलटी फिरून मनगटावर बसली, ब्रेक धरायला हात उरला नाही, आणि मी जाऊन पाठीमागच्या केळीवाल्याच्या गाड्यावर आदळले. केळी रस्त्यावर. मला वाटलं आता आईबाप काढतोय. तर तो म्हणाला, 'असू द्या मावशी,' आणि माझ्या हातात एक केळं दिलं. पडलेल्या पोरीला देतात तसं! त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बघ, जोर न्हाई. पण आता लिहिते. कारण आता मला काहीतरी कळलं आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

पुलाच्या अलीकडं झाडाखाली बनाबाईचं रसाचं दुकान आहे. पडले त्या दिवशी तिनंच मला सावलीत घेतलं, मनगटाला बर्फ लावला. तेव्हापासून मी दुपारची तिथं जाऊन बसते. तिथपर्यंत सपाटी आहे. परवा लाईट गेली. तिची मोटर बंद, गिऱ्हाइकं उभी. तिनं पट्टा काढला, बाजूच्या मोठ्या चाकाची मूठ धरली आणि हातानं फिरवायला लागली. बाई गरागरा फिरवतीय आणि रूळ आपला सुस्तावल्यासारखा फिरतोय. पण ऊस असा चेपून बाहेर येतोय की बस्स.

मी म्हटलं, 'बनाबाई, तुम्ही एवढं फिरवताय आणि रूळ असा का?'

ती म्हणाली, 'मग? पळवायचाय व्हय त्याला? माझं चार फेरं झालं की त्याचा एक हुतोय. त्यो माझ्या हाताइतका पळाया लागला तर ऊस चेपायचा ऱ्हायला बाजूला, ऊसच मला फिरवंल की.'

मी वाकून बघितलं. तिच्या मुठीच्या दांड्यावर एक लहान दातेरी चकरी. ती फिरवते एका मोठ्या चक्राला, आणि ते मोठं चक्र बसवलंय रुळावर. लहान्याचे चार फेरे तेव्हा मोठ्याचा एक. फेरे गेले, पण त्यांच्या बदल्यात जोर आला.

मला एकदम माझी दांडी आठवली. घरी आले आणि पुढच्या चाकाच्या तारेला लाल दोरा बांधला. अव्वाला म्हटलं गाडीचं पुढचं चाक उचलून धर. ती म्हणाली, 'काय खूळ लागलंय?' पण धरलं. मी दांडीचा एक फेरा दिला. दोरा अडीच फेरे फिरला. परत दिला. परत अडीच. मग खडू घेतला आणि साखळीच्या दोन्ही चकऱ्यांचे दाते मोजले. वर माझ्या हाताशी चव्वेचाळीस, खाली चाकाशी अठरा.

कळलं का तुला? बनाबाईचं यंत्र सुलट आणि माझी गाडी उलटी. ती चार फेरे देते आणि एक घेते. मी एक फेरा देते आणि गाडी त्याच्यात अडीच फेऱ्यांचं ओझं माझ्या मनगटावर घालते. सपाटीला चालतं, तिथं ओझंच नसतं. चढावर माझं वजन, गाडीचं वजन, सगळं अडीचपट होऊन हातावर येतं. फुकट काही मिळत नाही, तम्मा. जोर पाहिजे तर फेरे जास्त द्या, वेग पाहिजे तर जोर आपल्या पदरचा घाला. माझ्या गाडीनं माझा जोर घेतला आणि मला वेग दिला. मी कधी मागितला होता वेग? शाहूपुरीत जाऊन मला कुठली शर्यत जिंकायची आहे?

शालूबाई म्हणाल्या होत्या ना, नाचता येईना अंगण वाकडं? अंगण खरंच वाकडं होतं!

म्हणजे माझ्या हातात जोर होता. हे वाक्य मी आज किती वेळा म्हटलं असेल. अव्वाला ऐकवलं, बनाबाईला ऐकवलं, शेवटी गाडीला ऐकवलं.

आणि तुझी चूक झाली. होते. साधी सायकल डोळ्यापुढं ठेवलीस आणि तिचीच चकरी इथं लावलीस. सायकलला मांडीचा जोर असतो आणि इथं नुसते दंड, हे ध्यानात आलं नाही. माणूस आहेस. मी तुला माफ केलं असं समज. आता फक्त एवढं लिही, वर किती दात्यांची बसवू आणि खाली किती? तूच सांग, मला तुझ्याकडूनच पाहिजे.

पावसाळ्यात पुलाखाली पाणी तुंबतं, त्याच्या आत लिही.

जेवत जा. मनापासून आशीर्वाद.

तुझी आक्का


११ मे १९९७

शशिधर,

तुला माहीत होतं.

काल बनाबाईकडं भूपाल पैलवान रस प्यायला आला. मला बघून खूश झाला. 'आक्का, वळखलं का? तुमास्नी स्टेजवर मीच घेतलं हुतं.' म्हटलं, ओळखलं की पैलवान. तो बाकड्यावर बसला, बाकडं वाकलं, आणि आपणहून बोलायला लागला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट अभिमान होता.

'ती गाडी मीच पास केलीया आक्का! तुमच्या शशीनं पयली केलती ती लई मंद हुती. वरची चकरी ल्हान, खालची मोठी. साहेबांनी मला बसिवलं. फिरवतोय फिरवतोय, गाडी आपली रांगतीया. साहेब म्हणालं, ही काय गोगलगाय केलीयास? माझ्या आईच्या नावाची गाडी हाय, पळाली पायजे. शशी म्हणाला, साहेब, ह्यास्नी चढ असत्यात, ह्यांच्या हाताला हेच बरं. साहेब म्हणालं, मोठी चकरी टाक, न्हाईतर मी दुसरं वर्कशॉप बघतो. मग टाकली मोठी. परत बसलो तर काय सांगू आक्का, तालमीपास्नं रंकाळ्यापतोर अशी काढली! साहेबांनी पाठ थोपटली माझी.'

हातातला ग्लास मी खाली ठेवला.

आम्हा पांगळ्यांच्या गाडीची परीक्षा घेतली कुणी? पहाटे उठून हजारभर जोर मारणाऱ्या माणसानं! हे कोल्हापुरातच होऊ जाणे. इथं चप्पल घेतली तरी आधी पैलवानाच्या पायात घालून बघतील. आणि ज्यांना बसायचं त्यांच्यातल्या एकालाही बोलावलं नाही. मी तर तुझ्या घरात होते रे. जेवताना तुझ्यासमोर बसत होते. मला एकदा बसवून बघायचं होतंस.

पैलवानावर माझा राग नाही. त्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं. माझा चेहरा बघून तोच घाबरला, 'काय चुकलं का आक्का?' म्हणाला. गणपतरावांवर आहे, भरपूर आहे. पण ते परके. त्यांना आईच्या नावानं फोटो पाहिजे होता, तो मिळाला.

राग तुझा आहे. तू एकदा तरी बोललास, हे ऐकून आधी मला बरं वाटलं. खरंच वाटलं. साहेबापुढं माझी बाजू घेतलीस. मग गप्प बसलास. तेही मी सोडलं असतं. वर्कशॉपचं काम जाईल, नोकरी जाईल, घर तुझ्यावर, एवढं मला कळतं. तुझं गणित चुकलं असतं तर मी हसून सोडलं असतं, सोडलंच होतं. मागच्या पत्रात माफी पण लिहून पाठवली, मूर्खासारखी. वाचताना काय वाटलं तुला? उत्तर का आलं नाही ते आता कळलं.

पण घरी येऊन, दार लावून, तू माझ्या तोंडावर म्हणालास, 'तुझ्या हातात जोर न्हाई.' साहेबापुढं गप्प बसलास ते भीतीनं. माझ्यापुढं बोललास ते कशानं? मला कसली भीती होती तुला?

आणि मग कार्ड धाडलंस. व्यायाम कर. मी वरवंटा उचलत होते, शशिधर! सुजलेल्या मनगटानं कळशी उचलत होते. या हातांना मी काय काय शिव्या दिल्या, ते अव्वाला विचार. कोपरापासून काढून टाकावेत असं वाटलं मला. आणि तू तिकडं बेंगळुरात बसून सगळं जाणून होतास. वर चव्वेचाळीस, खाली अठरा. तुझ्याच हातानं बसवलेली.

पाय गेले ते देवानं नेले म्हणते मी. हात तू नेलेस. साकु. आता बास झालं.

वर किती, खाली किती, ते मला तुझ्याकडून नको. मी माझं बघून घेईन.

रत्नव्वा


२२ जून १९९७

तम्मा,

परत 'तम्मा' लिहिलं म्हणून चढून जाऊ नको. सवयीनं लिहिलं गेलं.

गल्लीतल्या सायकलवाल्याकडं गेले होते. त्याला म्हटलं, वर अठरा, खाली बावीस. तो म्हणाला, 'ताई, असलं कोण बसवत न्हाई. गाडी पळायची न्हाई अजिबात.'

'पळायचंय कुणाला? चढायचंय मला.'

'लोक हसतील.'

'हसू देत. हसणारे काय ढकलायला येतात?'

बसवली त्यानं, तोंड वाकडं करून. घरी येऊन परत लाल दोरा बांधला आणि फेरा दिला. माझा एक पुरा झाला तरी चाकाचा व्हायचा होता.

सोमवारी गेले. पुलाखाली उतरले आणि समोर तो चढ. मला भीती वाटत होती, हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. फिरवायला लागले. दोन्ही हात नुसते गरागरा, आणि गाडी इंच इंच. पण हलत होती, तम्मा! थांबत नव्हती. शाळेच्या पोरी दप्तरं घेऊन पायी मला ओलांडून गेल्या. एक म्हातारा काठी टेकत गेला, तोसुद्धा पुढं गेला. मागनं बस हॉर्न मारतीय. केळीवाला धावत आला, 'मावशी, ढकलू का?' म्हटलं, 'हात लावून तर बघ!' तो बाजूला झाला. अर्ध्यावर दम लागला, तेव्हा ब्रेक धरला, श्वास घेतला, परत फिरवायला लागले. आणि वर आले. माझी मी.

वर आल्यावर तिथंच रस्त्याकडेला थांबून मोठ्यानं रडले. लोक विचारत होते कुठं लागलं.

मग बूथ. रामलिंग खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. मला बघितलं आणि आधी माझ्या मागं बघितलं.

'आक्का? कुणी आणलं तुमास्नी?'

'हातांनी.'

'नाही, म्हंजे ढकलायला कोण…'

'रामलिंग, ऊठ.'

उठला. बोर्ड त्यालाच उतरवायला लावला. जाताना म्हटलं, उशी विसरू नको. आता चिडला आहे माझ्यावर, मामीनंही बोलणं सोडलं आहे. सोडू दे. रोज त्या चढावर मला एवढा वेळ लागतो की पाठीमागचे शिव्या घालतात. घालू देत. कंबर दुखते, दंड ठणकतात, आणि रात्री मी अशी झोपते की अव्वा मध्येच उठून श्वास बघते.

परवा दुपारी बूथवरचा फोन वाजला. उचलला, तर तुझा आवाज. 'रामलिंग, आक्का कशी हाय?'

म्हणजे तू त्याला फोन करत होतास. माझी चौकशी करत होतास आणि तो मेला एका शब्दानं मला बोलला नव्हता. मी म्हटलं, 'आक्काच बोलतीया.' मला वाटलं आता ठेवशील. ठेवला नाहीस. मग विचारलंस, 'चढली?'

'चढली,' म्हटलं. आणि तू रडायला लागलास. या खेपेला फोन मी ठेवला. समोर गिऱ्हाइकं उभी होती हे एक. आणि तुझं रडणं ऐकलं असतं तर मी तिथंच सगळं सोडून दिलं असतं. मला इतक्यात सोडायचं नाही.

तुझी माफी मला नको. मी चढले, माझं झालं. पण त्या दिवशी मांडवात मी एकटी नव्हते. बूथवर बसल्यापासून माझा उद्योग हाच आहे. ज्यांना गाड्या मिळाल्या त्यांना शोधून काढते आणि फोन लावते. एकानं गाडी विकली. एकीनं दारात लावून वर तुळशीची कुंडी ठेवली आहे. सगळ्यांचं एकच, 'हातात जोर न्हाई हो ताई.' सगळ्यांचं! सगळे आपापल्या घरात बसून आपापल्या हातांना दोष देतायत.

कुरुंदवाडच्या अण्णासोला त्याच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर बोलावून घेतलं. त्याला कुठं लांब जायचं नव्हतं. नदीच्या घाटापर्यंत जाऊन संध्याकाळी माणसांत बसायचं होतं, मध्ये एक चढ आहे. आता त्या गाडीवर त्याची बायको शेवया वाळत घालते. मी त्याला सगळं समजावलं, वर किती, खाली किती, कसं बदलायचं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुमी मन राखाय बोलताय ताई. पायानं दगा दिला त्यो ल्हानपणी, हातानं आत्ता दिला. बायकूला पण सांगितलंय, आता माझा भरोसा धरू नगंस.'

मी ओरडले त्याच्यावर. पण मी त्याच्यासारखीच. माझं बोलणं त्याला दिलासाच वाटणार. बनवणाऱ्यानं सांगितलं तर ऐकेल.

तेव्हा ये. चकरी बदलायला गावोगाव सायकलवाले आहेत, त्यासाठी नको येऊस. तू एकेकाच्या दारात जायचं आणि मला जे म्हणालास त्याच्या उलट म्हणायचं, मोठ्यानं, घरच्यांच्या समोर. 'हात तुमचे चांगले होते. मला माहीत होतं, आणि मी चुकीची गाडी दिली.' एवढंच म्हणायचं. गणपतरावांचं नाव मध्ये आणायचं नाही, त्यांच्याकडं मी माझी जाऊन येईन.

पहिलं कुरुंदवाड. अण्णासोची बायको सकाळी शेतात भांगलणीला जाते आणि दिवस मावळताना घरी येते. ती यायच्या आत बोलायला सुरुवात करू नको. दारात थांब, ती येऊन बसू दे, आणि मग तिच्याकडं बघून सांग.

रत्नव्वा